गायकवाड बाईंचं डिफरन्शिअल

गायकवाड बाईंच्या शोकसभेत आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच खांबावर आले. बाईंनी गाडी फाटकाच्या खांबावर कशी घातली, खांबाबरोबर सोसायटीच्या नावाची पाटी कशी आडवी झाली, आणि नव्या खांबाला सगळे 'गायकवाड पॉइंट' कसं म्हणायला लागले, हे त्यांनी फार प्रेमानं सांगितलं. लोक हसले. शोकसभेत असं हसू आलं की गेलेलं माणूस सगळ्यांना आवडत होतं असं समजावं. मीही हसलो. पुढच्या रांगेत बाईंचा मुलगा आशुतोष बसला होता. तो हसला नाही. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी चष्मा पुसायला घेतला.

तो खांब मी पाडला होता.

सोसायटीतली मंडळी हे वाचतील, म्हणून सरळच लिहितो. सकाळची वेळ होती, मी भाजी घेऊन परत आलो होतो, गाडी माझी होती आणि ती रिव्हर्समध्ये होती. वॉचमन चहाला गेला होता. फाटकावरचा कॅमेरा बंद होता. तो बंद आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण सोसायटीचा सचिव मीच होतो आणि तो दुरुस्त करून घेण्याचं काम महिनोन् महिने माझ्याकडेच पडून होतं. मी तसाच गाडी वळवून कात्रजला एका गॅरेजमध्ये गेलो आणि संध्याकाळी नवा बंपर लावून परत आलो. 'सर्व्हिसिंग' असं बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "आणि भाजी?" ती डिकीतच राहिली होती.

पण लिहायचंय ते बाईंबद्दल.

शोभाताई गायकवाड कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होत्या. घटस्फोटाला आलेल्या जोडप्यांशी बोलून बघायचं, हे त्यांचं काम. उंच, काटक, पांढरे केस मानेपाशी कापलेले, सुती साडी आणि घड्याळ उजव्या हातात. समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकायच्या आणि मग एवढंच म्हणायच्या, "बरं. मग?" या दोन शब्दांनी मी भल्याभल्यांची भाषणं कोसळताना पाहिली आहेत. वार्षिक सभेत आमच्या अध्यक्षांनी पाणीकपातीवर मोठं भाषण केलं. बाई मागून म्हणाल्या, "बरं. मग?" अध्यक्ष म्हणाले, "मग काही नाही," आणि बसले.

त्यांच्या घरात पाहुण्यांच्या दोन खुर्च्या कधी समोरासमोर नसायच्या, तिरक्या असायच्या. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "समोरासमोर बसवलं की माणसं वकील होतात. शेजारी बसवलं की सिनेमाला आल्यासारखी गप्प बसतात. तिरकं बरं पडतं."

निवृत्तीनंतरही त्यांनी काम सोडलं नाही. दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत लोणी काळभोरला जायच्या. तिथल्या एका ओळखीच्या बाईंच्या पडवीत बसायच्या आणि आसपासची भांडणारी जोडपी त्यांच्याकडे यायची. एकदा मी बरोबर गेलो होतो. एक तरणा गडी तावातावानं सांगत होता, "बाई, ही माज्याशी बोलतच न्हाई."

"तू बोलतोस?"

"मी बी न्हाई बोलत."

"मग भांडण कुठाय? शांतताच आहे की घरात."

गडी गोंधळला. त्याची बायको पदराआड हसली. बाईंनी ते हसू नेमकं टिपलं आणि तिला म्हणाल्या, "हां, आता तू सांग. तुला काय शांतता नकोय?" मग त्या बाईनं जे सुरू केलं ते जेवणवेळेपर्यंत थांबलं नाही. नवरा खाली बघून ऐकत होता. परतताना मी म्हटलं, "मिटलं वाटतं."

"मिटायला काय ते बिल आहे?" बाई म्हणाल्या. "दोघं एकाच मोटरसायकलवरून गेले. येताना वेगवेगळे आले होते. आजच्यापुरतं बास."

बाईंचं गाडी चालवणं वाईट नव्हतं. ठाम होतं. लेन सोडायच्या नाहीत, डावीकडून ओव्हरटेक करायच्या नाहीत, आणि आपला हक्क असेल तिथे थांबायच्या नाहीत. पुण्यात ही तिसरी गोष्ट धोक्याची. त्यामुळे त्यांच्या गाडीला चारी बाजूंनी ओरखडे होते, आणि खांब पडला तेव्हा पुरावा शोधायला कुणी लांब गेलं नाही.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "गायकवाड बाईंशिवाय कोण असणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी इतिवृत्त लिहीत होतो. मीही मान डोलावली आणि लिहिलं. बाईंना बोलावून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी पाडलेला नाही. पाडला असता तर सरळ पाडला असता. हा तिरका पडलाय. हा कुणीतरी मागे न बघता पाडलाय." एवढं अचूक निदान ऐकून मी इतिवृत्तात डोकं खुपसलं. बाकीचे मात्र गालात हसले.

आशुतोष बाणेरला राहायचा, आयटीत होता, दर रविवारी आईकडे जेवायला यायचा. अध्यक्षांनी त्याला फोन केला. त्या रविवारी त्यानं गाडीची किल्ली खिशात घातली. "आई, पुरे आता. उद्या खांबाच्या जागी कुणी माणूस असेल."

गुरुवार बंद पडला. बाईंनी बसनं जाऊन पाहिलं, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. मग लोणीची माणसं फोन करायला लागली. त्यावर बाई वैतागायच्या. "फोनवर भांडण अर्धंच कळतं, पानसे. कोण ओरडतंय ते ऐकू येतं. कोण गप्प बसलंय ते दिसत नाही."

आशुतोषला वाईट वाटलं असावं. त्यानं आपला जुना गेम, त्याचं स्टिअरिंग आणि पेडल आईकडे आणून जोडून दिली. टीव्हीवर शर्यतीच्या गाड्या. "चालव हवी तेवढी. इथे खांब नाहीत."

दुसरी कुणी असती तर तिनं त्यावर विणलेलं कापड घातलं असतं. बाईंनी चपला काढल्या, पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली, नसलेला आरसा हातानं नीट केला आणि गाडी सुरू केली. स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला घट्ट बसेना, म्हणून मला बुधवार पेठेत पाठवून त्यांनी चांगला शिकंजा मागवला. ब्रेक दाबला की खुर्ची मागे सरकायची, तर खुर्चीच्या मागे गव्हाचं पोतं आणून ठेवलं. पहिल्या शर्यतीत त्या शेवटच्या आल्या, कारण पुढची गाडी उजवीकडून जागा देईना.

"डावीकडून काढा की," मी म्हटलं.

"का? शर्यत असली म्हणून काय झालं?"

पुढच्या रविवारी मीही जेवायला होतो. आशुतोष म्हणाला, "आई, गेममध्येसुद्धा तू रस्ता सोडून गवतातच जातेस." बाईंनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"एकदाही गवतात न जाता तुला हरवलं, तर किल्ली देशील?"

आशुतोष हसला. "दिली. पण गाडी मी निवडणार. पाच फेऱ्या."

"पानसे, तुम्ही साक्षीला."

मी पोळी तोंडात असल्यामुळे नुसती मान हलवली. माझ्या माना हलवण्यानं बाईंचं किती नुकसान झालंय, हे त्या वेळी फक्त मला माहीत होतं.

आशुतोषनं निवडलेली गाडी म्हणजे मागच्या चाकांवर चालणारं एक माजलेलं जनावर. वळणावरून बाहेर पडताना जरा पाय दाबला की शेपूट पुढे. बाई दिवसभर गरगर फिरत होत्या. शेवटी त्यांनी माझं दार वाजवलं. "पानसे, तुम्ही जन्मभर ट्रकचे ॲक्सल काढलेत ना? इथे काहीतरी डिफरन्शिअल म्हणून आहे. त्याचे तीन आकडे बदलता येतात. या."

मी गेलो. हे प्रायश्चित्त बरं आहे असं मला वाटलं: कबूल काहीच करायचं नाही, आणि मदत मात्र करायची.

मी त्यांना समजावलं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा मध्ये असते, ती डिफरन्शिअल. तिच्यात एक खोट असते. एका चाकाची पकड सुटली की सगळा जोर त्या सुटलेल्या चाकाकडेच जातो आणि ते जागच्या जागी गरगरतं.

"म्हणजे घरात जो थयथयाट करतो त्याच्याकडेच सगळ्यांचं लक्ष."

"तसं म्हणा. म्हणून दोघांना थोडं एकमेकांशी बांधतात. त्याला लिमिटेड स्लिप म्हणतात. ठरावीक मर्यादेत घसरायला मोकळीक, त्यापुढे नाही."

बाई खुर्चीत सरळ बसल्या. "अहो, टिकलेली सगळी लग्नं याच तत्त्वावर चालतात. हे तुम्ही ट्रकमध्ये बसवत होतात?"

तिथून पुढे गाडीचं काही खरं नव्हतं. पहिला आकडा म्हणजे काहीच जोर नसताना चाकं एकमेकांना किती बांधलेली. त्याचं नाव पडलं 'एरवी'. दुसरा, वेग घेताना किती, ते 'भरभराटीत'. तिसरा, ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक लावताना किती, ते 'अडचणीत'. मी डाव्या चाकाला डावं म्हणायचो. बाई त्याला 'नवरा' म्हणायच्या. उजवीकडच्या वळणात नवरा बाहेरून लांबचा फेरा मारून येतो, असं त्या मला गंभीरपणे सांगायच्या.

माझी अक्कल ट्रकची. चिखलात रुतलेला ट्रक काढायचा तर दोन्ही चाकं घट्ट बांधावी लागतात. मी 'भरभराटीत'चा आकडा चांगला वर नेऊन ठेवला. बाई वळणावरून निघाल्या, पाय दाबला, आणि गाडी स्वतःभोवती फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली.

"दोघं एकदम रुसले," बाई म्हणाल्या.

निदान बरोबर होतं. इतकं घट्ट बांधल्यावर पकड सुटते ती दोघांची एकदम सुटते. मग मी आकडा पार खाली आणला, तर आतलं चाक एकटंच धूर काढत बसलं आणि गाडी जागची हलेना. मी वैतागून तिन्ही आकडे एकदम बदलले. गाडी वेगळीच बिघडली, आणि कशामुळे ते दोघांनाही कळेना.

"एका वेळी एकच आकडा," मी स्वतःलाच बजावलं. "कारखान्यात आमचा नियमच होता."

"नवरा-बायकोला एकदम सुधारायला जाऊ नये, हे मी तुम्हाला शिकवायचं की तुम्ही मला?"

मग आमची पद्धत बसली. एक आकडा थोडा हलवायचा, बाईंनी दोन फेऱ्या मारायच्या, चहा घ्यायचा, आणि गाडी काय म्हणाली ते त्यांनी मला सांगायचं. बाई कधी 'अंडरस्टिअर' म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "ऐकून घेत नाही. सरळच चाललीय." किंवा, "आत येताना मागून कुणीतरी ढकलतंय." मी त्याचं भाषांतर करून आकडा हलवायचो. त्यांना गाडी जाणवायची आणि मला ती कळायची. एकट्यानं कुणालाच जमलं नसतं.

'अडचणीत'चा आकडा मात्र बाईंनी स्वतःकडे ठेवला होता आणि तो त्यांनी सगळ्यात वर ठेवला होता. मी म्हटलं, जरा कमी करून बघू. त्या ऐकेनात. "अडचणीत घट्टच हवं. यात तुमचं इंजिनिअरिंग नको." आणि प्रत्येक फेरीत त्या एका आखूड वळणावर गाडी ब्रेक लावताना अगदी स्थिर राहायची, डगमगायची नाही, आणि वळायचीही नाही. तशीच शिस्तीत सरळ गवतात जायची.

असं पुष्कळदा झाल्यावर त्यांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"पानसे, एक जोडपं होतं. त्याची नोकरी गेली. मी तिला सांगितलं, आता धरून राहा, माहेरी जाऊ नकोस, या वेळेला सुटं व्हायचं नाही. ती राहिली. दोघं त्या एका खोलीत समोरासमोर सहा महिने बसून राहिले. मग परत माझ्याकडेच आले, घटस्फोटाचे कागद करायला. ती चार दिवस आईकडे गेली असती, तर वळण निघालं असतं."



"कमी करा," त्या म्हणाल्या. "पार सोडू नका. पण कमी करा."

मी आकडा खाली आणला. बाईंनी ब्रेक लावला, गाडीचं नाक अलगद आत आलं, शेपूट थोडंसं हललं आणि पुन्हा जागेवर बसलं. बाई त्या वळणातून बाहेर पडल्या आणि खिडकीतून हात बाहेर काढावा तसा उजवा हात बाजूला करून त्यांनी मागच्या गाडीला इशारा दिला. मागे गाडी नव्हती. गव्हाचं पोतं होतं.

ठरलेल्या रविवारी आशुतोष पहिला बसला. चालवायचा सुरेख, पण आकडे जसे गाडीबरोबर आले तसेच ठेवलेले. चौथ्या फेरीत गाडी फिरली, गवतात जाऊन आली, तो हसला आणि उरलेली शर्यत पूर्ण केली. मग बाई बसल्या. पहिल्या फेरीत वेळेच्या हिशेबात त्या त्याच्यापेक्षा मागे होत्या. दुसऱ्या फेरीतही. त्यांचा फोन वाजायला लागला, पडद्यावर लोणीचा नंबर दिसत होता. बाईंनी एकदाच तिकडे पाहिलं. "त्यासाठीच चाललंय, थांब जरा," असं फोनला म्हणाल्या आणि आखूड वळणाला ब्रेक लावला. फोन वाजून थांबला. पाचव्या फेरीअखेर त्या त्याच्या पुढे होत्या, आणि चाकाला गवताचं पातंसुद्धा लागलं नव्हतं.

आशुतोषनं आकड्यांचं पान उघडून बराच वेळ पाहिलं. "हे कुठून आणलंस?"

"पानसे आणि मी मिळून. किल्ली."

तो खिशात हात घालून उभा राहिला. हात बाहेर येईना. "आई, तू भारी चालवलंस. पण हा गेम आहे. इथे गवत आहे. तिथे... तो खांब खरा होता गं."

  पुढे गुरुवार नाही, हे बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि ते दिसू नये म्हणून त्या स्टिअरिंगवरची धूळ पदरानं पुसायला लागल्या.

"खांब मी पाडला," मी म्हटलं.

आशुतोषला वाटलं मी त्याच्या आईला वाचवतोय. "काका, राहू द्या."

"खरंच. रिव्हर्समध्ये. कात्रजला जाऊन बंपर बदलला."

 बाई हळूच माझ्याकडे वळल्या.

"पानसे, इतके दिवस माझ्या घरचा चहा प्यायलात."

"हो."

"साखर कमी म्हणून नावं ठेवलीत."

"हो."

आशुतोषनं किल्ली टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली, पर्समध्ये टाकली, आणि पर्सची चेन लावून मग मला म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी पाडला नाही हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

सांगतो म्हणालो. पुढच्या मासिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. त्यापुढच्या सभेत लिफ्टचा. मग मला पंचाहत्तरी झाल्याबद्दल शाल दिली. शाल खांद्यावर असताना कसं सांगणार? नव्या खांबाला काळे-पिवळे पट्टे मारले, लोकांनी त्याला नाव ठेवलं, आणि लहान मुलंसुद्धा बाईंची गाडी दिसली की कौतुकानं खांबापासून बाजूला व्हायला लागली. बाई त्यांना हॉर्न द्यायच्या. त्यांचा गुरुवार पुन्हा सुरू झाला होता, आणि त्यापुढे बाकीचं त्यांना फार महत्त्वाचं नसावं, असं मी माझ्या सोयीनं ठरवलं. तसं नव्हतं. मी जिन्यात भेटलो की त्या एकच शब्द विचारायच्या, "सांगितलंत?" मी म्हणायचो, "या महिन्यात." त्या म्हणायच्या, "बरं," आणि पुढचा 'मग?' गिळून वर जायच्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते हडपसरच्या सिग्नलला. गुरुवारच होता. मी एका लग्नाहून परतत होतो. शेजारच्या लेनमध्ये त्यांची ओरखड्यांची गाडी येऊन थांबली. मागच्या सीटवर एक जोडपं होतं. त्यांना बाई कुठेतरी सोडायला निघाल्या असाव्यात. तो त्याच्या खिडकीतून बाहेर बघत होता, ती तिच्या. मध्ये एक पिशवी. बाई आरशातून दोघांकडे बघत काहीतरी बोलत होत्या. त्यांची नजर माझ्यावर पडली. मी काच खाली केली आणि नेहमीचं उत्तर तयार ठेवलं.

त्यांनी काहीच विचारलं नाही. मान हलवून ओळख दिली, आणि परत आरशात बघून त्या दोघांशी बोलायला लागल्या. सिग्नल सुटला तरी त्यांचं वाक्य संपलं नव्हतं. मागून सगळा सोलापूर रस्ता हॉर्न वाजवत होता. बाईंनी एक बोट वर करून त्याला थांबवलं, वाक्य पुरं केलं, इंडिकेटर दिला आणि उजवीकडे वळल्या. वळताना मागची ती दोघं एकाच बाजूला कलली, आणि मधली पिशवी खाली पडली. ती उचलायला दोघंही वाकली.